मदत हवी आहे: आईच्या छातीच्या सीटीत गाठी, पेट स्कॅन करावा का?

रानजाई: रिपोर्टात 'दोन्ही फुफ्फुसांत मल्टिपल नोड्यूल्स, मेटास्टॅसिस?' असं आलंय, म्हणजे बऱ्याच गाठी, जुना कॅन्सर पसरलाय का अशी शंका. डॉक्टर गुरुवारी भेटणार. सेंटरवाला म्हणतो पेटचा स्लॉट उद्याचाच, संध्याकाळपर्यंत कळवा. करू की नको? तत्त्वज्ञान नको प्लीज.

निवांत७२: मूळ कॅन्सर कुठला? गाठी किती मिमीच्या?

बाबूराव_सातारी: आधी एचआरसीटी करा. कोविडात आमचा स्कोअर १४ होता, ठणठणीत झालो.

निवांत७२: अहो, तो स्कोअर कोविडचा. इथे काय संबंध?

खानदेशी_आत्या: गव्हांकुराचा रस सुरू कर गं. माझ्या जावेला गुण आला.

रानजाई: आत्या, रस नंतर. ब्रेस्टचा होता, २०२१ला ऑपरेशन. सगळ्यात मोठी गाठ ६ मिमी. क्रिएटिनिन १.६, म्हणजे किडनी जरा कमजोर, म्हणून डाय न देता सीटी केला. शुगर आहे.

बाबूराव_सातारी: किडनी अशी असेल तर पेट विसरा.

फिल्मवाचक: चूक. पेटचं इंजेक्शन म्हणजे किरणोत्सारी ग्लुकोज, जिथे ते जास्त शोषलं जातं तो भाग उजळतो; सीटीचा आयोडीनवाला डाय वेगळा. पेटसोबतचा सीटी डायशिवायही होतो. फुफ्फुसातली गाठही डायशिवाय दिसते. डाय लागतो तो मुख्यतः छातीच्या मधल्या भागातल्या लिम्फ नोड्ससाठी (लसिका ग्रंथी). खरी अडचण मापाची. ८ मिमीच्या आतली गाठ पेटवर उजळली नाही तरी ती निर्धोक ठरत नाही. आणि आपल्याकडे टीबीची गाठही उजळते.

निवांत७२: म्हणजे पेट वाया?

फिल्मवाचक: असं कुठे म्हटलं? हाडं, यकृत एकाच फेरीत बघून होतात. पण गुरुवारआधी घाई कशाला? शुगर फार चढलेली असेल तर स्कॅन नीट येत नाही, मेटफॉर्मिन ह्या शुगरच्या गोळीचंही आधी विचारावं लागतं. जुना सीटी आहे का? ह्याच गाठी २०२१लाही तेवढ्याच असतील तर चित्रच बदलतं.

लोकलप्रवासी: परळला गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही.

रानजाई: आम्ही कोल्हापूरला आहोत!! असो. जुनी सीडी कपाटात सापडली, आईच्या साड्यांखाली. पण लॅपटॉपला ड्राइव्हच नाही.

फिल्मवाचक: ताई, सीडी तशीच न्या, रेडिओलॉजीत उघडतील. नवीन स्कॅनचीही सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर मिलिमीटर अचूक मोजता येत नाहीत.

रानजाई: स्लॉट सोडला. सेंटरवाला चिडलाय.

खानदेशी_आत्या: चिडू दे. रस मात्र उपाशीपोटी हं.