विषय: जुनी गोल्फ कार्ट – काय तपासून घ्यावी?

नमस्कार मंडळी,
अमेरिकेतल्या जॉर्जियात गावाबाहेर आठ एकर जागा आहे. रस्ता खडीचा, उतार बराच. खत, फांद्या, पाण्याचे कॅन वाहायला २०१० ची क्लब कार प्रेसेडंट पाहून ठेवली आहे, ४८ व्होल्टची. विकणारा म्हणतो, मीटर ५० व्होल्ट दाखवतोय म्हणजे बॅटऱ्या उत्तम. घ्यावी का?

---

ताई, त्या ५० व्होल्टवर मुळीच जाऊ नका. थकलेली बॅटरीसुद्धा उभ्या गाडीत चांगला आकडा दाखवते आणि ओझं पडलं की मान टाकते. यात सहसा ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतात. चार्जर काढून काही तासांनी प्रत्येकीचा आकडा वेगळा घ्या; पूर्ण चार्ज असेल तर ८.४ ते ८.५ हवा. मग दोन माणसं बसवून चढावर वीसेक मिनिटं फिरवा आणि थांबल्या थांबल्या पुन्हा मोजा. एखादी इतरांपेक्षा अर्धा व्होल्ट खाली असेल, तर तिच्या आतला एखादा सेल (कप्पा) गेलेला आहे. तेवढी एकच बदलू नका. जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर खराब होते, म्हणून पूर्ण संचाची किंमत धरूनच घासाघीस करा. झाकणं उघडून आतल्या शिशाच्या प्लेटा पाण्याबाहेर आल्यात का तेही बघा. एकदा उघड्या पडून सल्फेट जमलं की वरून पाणी भरून त्या सुधारत नाहीत.

गाडी कोणत्या सालची हे विकणाऱ्याला विचारू नका. उजव्या बाजूच्या डॅशखालच्या पट्टीवर सीरियल नंबर असतो. पहिल्या दोन अक्षरांनंतरचे दोन आकडे सालाचे, पुढचे दोन आठवड्याचे.

---

वरच्या उत्तराला जोड देतो. तुमच्या उतारासाठी ही निवड योग्य आहे. हिची मोटर उतारावर वेग स्वतः धरून ठेवते. जुन्या सिरीज मोटरच्या गाड्या मोकळ्या सुटतात आणि सगळा भार मागच्या दोन ड्रमब्रेकवर येतो. चासी अॅल्युमिनियमची, त्यामुळे गंजाची धास्ती नाही. दुसऱ्या कंपनीची ईझीगो टीएक्सटी पाहिलीत तर मात्र बॅटरीखालचा लोखंडी सांगाडा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, अॅसिड तिथेच खातं.

उंच टायर लावलेली गाडी दिसायला छान, पण चढावर तिची ओढ कमी होते आणि करंट जास्त खाते. तुम्हाला ओझं वाहायचंय, तेव्हा मूळ मापाचे टायर आणि मागे जाड पाट्याच्या स्प्रिंगा. सहा बॅटऱ्यांचंच वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जातं, त्यावर खताच्या गोण्या.

---

दोघांचे आभार. गाडी ट्रेलरवरून आणायची आहे, पण त्याऐवजी दोन मैल ओढत आणली तर चालेल?

---

ट्रेलरच बरा. ओढायचीच वेळ आली तर आधी सीटखालचा स्विच 'टो'वर करा आणि सावकाश न्या. 'रन'वर ठेवून ओढली की चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार करते आणि मोटरची वीज सांभाळणारा कंट्रोलर जळू शकतो. बॅटरीच्या तारा काढतानाही स्विच 'टो'वरच.