डाउन सिंड्रोम असलेला क्लायंट आलाय, वजन कमी करायचंय, सुरुवात कुठून करू?

रबरबँड:
नमस्कार मंडळी, ट्रेनर म्हणून बरीच वर्षं काम करतोय पण अशी केस पहिलीच. पंचविशीचा मुलगा आहे, डाउन सिंड्रोम, आईबरोबर येतो. उंची कमी, पोट सुटलेलं, स्वभाव एकदम गोड. आई म्हणते वजन उतरवा, तो म्हणतो मला बायसेप बनवायचेत 😄 ट्रेडमिलवर जरा वेगात चालवलं तर चेहरा लालबुंद, धाप लागलेली, पण पल्स बघतो तर 135 च्या आसपास, म्हणजे माझ्या हिशेबाने अजून घाम फुटायच्या आतच थांबला. आळस करतोय का खरंच दमतोय तेच कळेना. आणि तीन गोष्टी एकदम सांगितल्या की शेवटची तेवढीच करतो. नेहमीचाच प्लॅन थोडा हलका करून दिला तर चालेल ना?

फिजिओताई:
आळस बिळस काही नाही, ते आधी डोक्यातून काढा. डाउन सिंड्रोममध्ये व्यायाम करताना हृदयाचे ठोके इतरांइतके वर चढतच नाहीत, त्यामुळे कमाल ठोक्यांचं 220 वजा वय हे सूत्र इथे साफ फसतं. त्यांच्यासाठी वेगळं सूत्र आहे, 179 वजा वयाची 0.56 पट. 25 वर्षांच्या माणसाला तुमच्या सूत्राने कमाल 195 येतात, याने 165. आता 135 चा हिशेब करा, 80 टक्क्यांच्या वर गेला तो! पोरगं जीव तोडून चालत होतं आणि तुम्ही त्याला वॉर्मअप समजत होतात. घड्याळ बाजूला ठेवा, चालता चालता गप्पा मारता येतायत का एवढंच बघा.

आणि सुरू करायच्या आधी डॉक्टरांचं लेखी क्लिअरन्स घ्याच. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतःच हृदयात काहीतरी दोष असतो, लहानपणी ऑपरेशन झालंय का, आता कार्डिओलॉजिस्ट काय म्हणतात ते विचारा. थायरॉइड कमी असणं फार कॉमन, वर्षाला एकदा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघतात, ते बिघडलेलं असेल तर तुम्ही कितीही पळवा काटा हलणार नाही. रात्री घोरतो का, दिवसा पेंगतो का हेही विचारा, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबणं, पुष्कळ जणांना असतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मान. वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे लिगामेंट सैल असू शकतात. कोलांटउडी नाही, शीर्षासन नाही, ट्रॅम्पोलिन नाही, खांद्यावर बारबेल घेऊन स्क्वॉट तर अजिबात नाही. मान दुखणं, मान वाकडी धरणं, चाल बदलणं, हातातली पकड जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम तिथेच बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. दुखतंय हे तो स्वतःहून उशिरा सांगेल किंवा सांगणारच नाही, त्यामुळे तोंडाकडे लक्ष ठेवा.

लोखंडी_पंजा:
बाकी ठीक, पण शेवटी कॅलरी कमी खाल्ली की वजन उतरतंच, सगळ्यांना नियम एकच. घरच्यांनी लाड कमी करावेत.

धाकट्याची_ताई:
लोखंडी दादा, लाड कमी करा म्हणणं सोपं आहे हो. माझा भाऊ तिशीत आहे, डाउन सिंड्रोम. लहानपणापासून प्रत्येक शिक्षकाने, थेरपिस्टने, पाहुण्याने "शाब्बास" म्हणून हातावर चॉकलेटच ठेवलंय, मग खाणं म्हणजेच कौतुक असं डोक्यात पक्कं बसतं, त्यात त्याचा काय दोष? उंचीच कमी म्हणून खाण्याची गरजही कमी, आणि घरातले सगळे जेवढं वाढून घेतात तेवढंच त्यालाही वाढलं जातं. आमच्याकडे फरक पडला तो ताट लहान केल्यावर आणि वाढून झालं की पातेली टेबलावरून उचलल्यावर. भाषणं देऊन काहीही झालं नाही.

रबरबँड दादा, तुम्ही बक्षीस म्हणून खाऊ देऊ नका बस. माझ्या भावाला टाळी आणि तक्त्यावर स्टिकर पुरतो, वरून "आज आपण किती मारले" हे घरी फोन करून सांगायला मिळालं की दिवसभर खूश. अजून एक, बोलताना आईकडे बघून बोलू नका, त्याच्याशी बोला. पंचविशीचा आहे तो, बाळ नाही. बायसेप हवेत ना, मग बायसेप करून घ्या.

सोमवार_ते_शनिवार:
ताईंना +1. स्नायूंचा टोन (मूळचा ताण) कमी असतो, स्नायू सैल लागतात, पण ताकद वाढते, छान वाढते. मशीन, रबर बँड, खुर्चीवरून उठबस यापासून सुरू करा. सांधे सैल असतात म्हणून कोपर-गुडघा पूर्ण लॉक होऊ देऊ नका आणि स्ट्रेचिंगच्या मागे लागू नका, तो आधीच तुमच्यापेक्षा लवचीक निघेल. तळपाय सपाट असतील तर बूट नीट बघा.

सूचना एका वेळी एकच, तीही करून दाखवून. सांगून झालं की गप्प बसा, मनात दहा मोजा, आपण मधेच परत बोललो की त्यांचं परत पहिल्यापासून सुरू होतं. व्यायामांचे फोटो काढून भिंतीला ओळीने लावा, झालं की तो स्वतः टिक करेल. क्रम रोज तोच ठेवा. आणि मधेच जमिनीवर बसकण मारली तर ओढाताण नको, "आधी सायकल की आधी डंबेल?" एवढंच विचारून थांबा.

ज्यांना वाटतं हलकंफुलकंच करून घ्यायचं, त्यांनी ख्रिस निकिक वाचा. 2020 मध्ये फ्लोरिडात आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली, डाउन सिंड्रोम असलेला पहिला माणूस. 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल, वर 42 किमी धावणं, 17 तासांच्या आत. रोज 1 टक्का सुधारायचं एवढाच त्याचा फंडा.

रबरबँड:
बापरे, 80 टक्के! बरं झालं विचारलं. क्लिअरन्स येईपर्यंत नुसतं चालणं आणि फोटोचा तक्ता बनवणं चालू करतो, फोटोत मॉडेल त्यालाच करतो. एकच शंका, स्टेपवरून उतरताना तो थबकतो, पायाने आधी चाचपडतो. भीती का?

फिजिओताई:
पायरीची खोली नीट कळत नसेल, नजरेचे प्रॉब्लेम यांच्यात खूप असतात. स्टेपच्या कडेला भडक रंगाची टेप लावा, सगळ्यात कमी उंचीचा स्टेप घ्या आणि आईला डोळे तपासून घ्यायला सांगा. हे थबकणं आत्ता आत्ता सुरू झालं असेल तर मात्र आधी मान दाखवा.