जवळ आलं की नवरा उठून जातो

परभणीकर सून: लग्नाला चार वर्षं झाली. संबंध येतात, पण झाल्याबरोबर हे उठून गच्चीवर. हात धरला की अंग आखडतं. मी रडते, "माझं काय चुकलं?" ते अजूनच गप्प. यांचं लहानपण बीडकडचं. मायबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला, हे आजीकडं.

समुपदेशक, लातूर: ताई, अर्धं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. रडून कुणी थांबत नाही, हे लेकरू लवकर शिकतं. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी लहान मुलांबद्दल मांडलेला हा विचार हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिला. एकजण जवळीक टाळतो, दुसरा धास्तावून चिकटतो. तुम्ही जितकं ओढाल तितके ते सरकणार.

औंढ्याची: सगळं बालपणावर ढकलू नका बरं. रडायच्या आधी कधी साधं विचारलंय का, "तुम्हाला तेव्हा काय वाटतं?"

परभणीकर सून: काल विचारलं. लई वेळानं म्हणले, "माय पहाटं टोळीसंगं निघायची, मला झोपेत सोडून. म्हणून मीच आधी उठतो." मला काहीच सुचलं नाही. चटई घेऊन मीपण गच्चीवर गेले. डास फार होते.