दबोरा ‘शास्ता’ की ‘शास्ती’?

पानवेल
चर्चच्या उन्हाळी शिबिरासाठी मुलांची पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतेय. बायबलमधल्या ‘शास्ते’ या पुस्तकातल्या गोष्टी आहेत: एहूद, दबोरा, गिदोन, शमशोन. ‘शास्ता’ लिहिलं तर सातवीतला भाचा म्हणाला, “म्हणजे शिक्षा करणारा ना?” दबोरा बाई, म्हणून ‘शास्ती’ केलं तर नवरा म्हणतो, घरपट्टीच्या बिलावर लागते ती का? वैतागून सगळीकडे ‘न्यायाधीश’ टाकलं. चित्रकाराने तेवढाच शब्द वाचला आणि गिदोनाला काळा कोट चढवून हातात हातोडा दिला. ज्याने ३०० माणसं, मडकी आणि मशाली घेऊन मिद्यानी छावणी उधळली, त्याच्यापुढे आता दोन वकील उभे आहेत. शब्द सुचवा.

खडूफळा
न्यायाधीश नकोच. मूळ हिब्रू शब्द ‘शोफेत’. न्याय करणं आणि कारभार बघणं, दोन्ही त्यात येतं. उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन कार्थेज नगरीच्या मुख्य कारभाऱ्यांना ‘सुफेत’ म्हणत, तो याच धातूचा. आणि शास्ते २:१६ काढून बघा: परमेश्वराने शास्ते उभे केले आणि त्यांनी लोकांना लुटारूंच्या हातून सोडवलं. सोडवणं हाच तिथे न्याय आहे. शमशोनाने २० वर्षं न्याय केला असं लिहिलंय, पण त्याने एक खटला ऐकल्याचं दाखवा! त्या पुस्तकात बसून निवाडे देणारी एकटी दबोराच, रामा आणि बेथेल यांच्या मधे खजुरीच्या झाडाखाली.

सातपुडा
‘शास्ता’त शिक्षाच कशाला शोधायची? आमच्याकडे बुद्धवंदनेत रोज ‘सत्था देवमनुस्सानं’ म्हणतो. सत्था म्हणजे शास्ता, देवांचा आणि माणसांचा शिक्षक. शास्त्र, शिष्य, शासन सगळी त्याच धातूची पोरं. स्त्रीलिंगी रूप हवं तर कर्ता-कर्त्री, नेता-नेत्री, तसं शास्ता-शास्त्री.

खडूफळा
दबोराशास्त्री! चित्रकाराला पगडी आणि उपरणं काढायला सांगा.

तारणखाते
विषय निघालाच आहे तर. मी सहकारी बँकेत २२ वर्षं कर्जविभागात आहे. मैत्रिणीच्या लग्नात पहिल्यांदाच चर्चमध्ये गेले. पाळक उपदेशात म्हणाले, “बंधुभगिनींनो, तुमचं तारण झालं आहे का?” माझ्या मनात आलं, सातबारा जोडलाय की! आमच्याकडे सोनं तारण, शेतमाल तारण. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या. आमच्या तारणात वस्तू अडकते आणि तुमच्या तारणात माणूस सुटतो. हे कसं काय?

शुद्धमती
बँकांनी शब्द पळवला, दुसरं काय. धातू ‘तॄ’, म्हणजे तरून जाणे. तारू, तारक, तारण. पैलतीराला नेतं ते तारण. आता तो शब्द बाटला आहे, तेव्हा सरळ ‘मुक्ती’ लिहावं.

नगरकर
‘बाटला’ हा शब्द या धाग्यावर जरा जपून वापरा, शुद्धमती. :)
मुक्ती आम्हाला परकी नाहीच. साल्व्हेशन आर्मी १८८२मध्ये मुंबईत आली ती ‘मुक्तिफौज’ म्हणून, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या आश्रमाला नाव दिलं तेही मुक्तीच. पण मुक्ती म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात जन्ममरणाचा फेरा येतो. ख्रिस्ती श्रद्धेत फेराच नाही. एकदा जन्म, एकदा मरण, मग न्याय. सुटका हवी ती पापापासून. मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘येशू’ या नावाचं कारण सांगताना ‘तारील’ असंच क्रियापद आहे. ते ‘मुक्त करील’ केलं तर आमची आजी वेदीपाशी येऊन भांडेल.

शुद्धमती
मग ‘खंडणी’चं काय करता? मार्क १०:४५, येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. आज खंडणी म्हटलं की गुन्हे शाखा. पोरं विचारणारच, कुठल्या टोळीला दिली?

खडूफळा
पोरांचा प्रश्न बावळट नाही हो. ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने तिसऱ्या शतकात तोच घेतला होता, आणि उत्तर दिलं ‘सैतानाला’. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या दुसऱ्या पंडिताने ते उडवून लावलं: सैतानाचं कसलं देणं, देणं होतं ते देवाचं.

मोडीवाचक
खंडणीला उगाच बदनाम करू नका. खंडून, म्हणजे ठरवून दिलेली रक्कम. फौज वेशीवर आली की पेठेने खंडणी भरायची आणि लूट टाळायची. जीव वाचवण्याचं मोल या अर्थाने तिथे तो शब्द चपखल आहे. तुमची गुन्हे शाखा कालची.

मांडवीकाठ
गोव्यात याहून मजा आहे. नोकरीनिमित्त म्हापशाला आल्यावर शेजारच्या मावशींसोबत पहिल्यांदा कोंकणी मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलो. पाद्री सारखे ‘झडती, झडती’ म्हणत होते. मला वाटलं, गावात पोलीस शिरलेत. मावशी कुजबुजल्या, “निमाणी झडती रे!” म्हणजे शेवटचा न्याय. तारणाला त्यांच्याकडे ‘सोडवण’ आणि तारणाऱ्याला ‘सोडवणदार’. मला तर हे ‘तारणारा’पेक्षा जवळचं वाटतं. गाठ सोडवावी तसं.

मोडीवाचक
झडतीत पोलीस नंतर आले. पेशवे दफ्तरात गावझडती, कुळझडती असे कागद असतात, ते सगळे हिशेबाचे. कोणाकडे किती येणं, किती वसूल, बाकी काय. म्हणजे शेवटचा दिवस हा चोपडी उघडण्याचा दिवस. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणातही त्या दिवशी पुस्तकं उघडतातच की! जनार्दनस्वामींच्या चोपडीतली एका पैची चूक रात्रभर जागून शोधणारे एकनाथ त्या दिवशी तिथे कामाला हवेत.

शुद्धमती
म्हणजे देव कुलकर्णी झाला.

मोडीवाचक
तुम्हाला न्यायमूर्ती चालतो, कुलकर्णी का नको?

नगरकर
मला विचाराल तर ‘निवाडा’. निवाडा आला निवडण्यातून. आमची आजी रविवारी चर्चहून आली की उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची. खडा डावीकडे, दाणा उजवीकडे, आणि तोंडाने भजन. तिचा हात कधी थांबलेला आठवत नाही. विचार करावा लागायचाच नाही, खडा बोटालाच कळायचा. पुढे कॉलेजात कळलं, ग्रीकमध्ये न्याय करण्याचं जे क्रियापद आहे, ‘क्रिनो’, त्याचाही मूळ अर्थ वेगळं करणं हाच. मत्तय २५मध्ये मेंढपाळ शेरडं आणि मेंढरं वेगळी करतो. मत्तय ३:१२मध्ये त्याच्या हातात सूप आहे, गहू कोठारात, भूस आगीत. निवडणं झालं की दाणा सुटतो आणि खडा दोषी ठरतो. एकाच हाताने. दोन शब्द लागतातच कशाला?

सातपुडा
सूप? खळ्यावर?

नगरकर
मूळ ग्रीक शब्द फावड्याचा आहे, मळणी झालेलं धान्य वाऱ्यावर उडवायचं लाकडी फावडं. मराठीत सूप आलं.

शुद्धमती
मग ते भाषांतर चूकच. सुपाने पाखडतात, खळ्यावर उफणतात.

सातपुडा
शुद्धमती, खळ्यावर कधी उभे राहिला आहात का? आमच्याकडे तिवईवर चढून सूपच डोक्यावर धरतात आणि वाऱ्यावर सोडतात. तेही उफणणंच. पाखडणं घरात.

तारणखाते
आमच्याकडे पाटी धरतात, सूप नाही. (सासर सोलापूर.)

खडूफळा
आमच्याकडे हार्वेस्टर येतो. एका तासात निवाडा.

पानवेल
मंडळी, पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. दबोराचं काय ठरलं? ‘निवाडा करणारी’ लिहिलं तर ती बसेल, पण एहूद नाही बसणार, तो तर डाव्या हाताने खंजीर चालवतो. ‘सोडवणदार’ मला फार आवडला, पण आमच्या पाळकांना गोव्याचा वास येतो म्हणे. दरम्यान चित्रकाराला हा धागा दाखवला. त्याने गिदोनाचा कोट उतरवला आणि हातात सूप दिलं. आता हे काढायला कसं सांगू?

नगरकर
काढू नका! शास्ते ६:११. देवदूत आला तेव्हा गिदोन मिद्यान्यांपासून लपून द्राक्षकुंडात गहू झोडत होता. चित्रकाराला न वाचता जमलं.

शुद्धमती
झोडत होता, म्हणजे हातात काठी हवी. सूप नंतर.