रेडहेवन पीच: विरळणी करूनही फळे लहान का राहतात?

माझ्याकडे रेडहेवन जातीचे पाच वर्षांचे पीचचे एकच झाड आहे. ही जात स्वपरागी असल्यामुळे जवळ दुसरे झाड नसूनही ते दरवर्षी फळांनी लगडते. हिवाळ्यात तिला लागणारी सुमारे ८०० ते ९५० तासांची थंडीही पुरेशी मिळते, तेव्हा अडचण फळधारणेची नसून अतिधारणेची आहे.

मागील हंगामात दोन फळांत साधारण १५ सेंटीमीटर अंतर ठेवून मी विरळणी केली, म्हणजे जास्तीची कोवळी फळे काढून टाकली, परंतु ती हात आखडता घेत, फुलोऱ्यानंतर जवळजवळ आठ आठवड्यांनी, म्हणजे कोय कडक होऊ लागल्यावर. फळे तरीही लिंबाएवढीच राहिली. झाड खुल्या पेल्याच्या आकारात, म्हणजे मधला भाग मोकळा ठेवून वाढवले आहे. पीचला फळे मागील वर्षीच्या फांदीवरच येतात हे ठाऊक असूनही छाटणी मी बेतानेच करतो. पाणी नियमित आहे, निचरा चांगला आहे आणि पाने आकसण्याच्या रोगासाठी सुप्तावस्थेत ताम्रयुक्त फवारणी झालेली असल्याने पालवी निरोगी आहे. संजीवके (झाडाच्या वाढीवर परिणाम करणारी रसायने) मला वापरायची नाहीत.

अशा स्थितीत केवळ विरळणी चौथ्या-पाचव्या आठवड्यात उरकल्याने फळांचा आकार सुधारेल, की त्याआधी छाटणीतच एक वर्षाच्या निम्म्या फांद्या काढून टाकणे आवश्यक आहे?