मदत हवी आहे: फाइल २४/१९२ ची, डॅकवर मात्र कायम ४८

नवाश्रोता
विंडोज ११ चा लॅपटॉप, यूएसबीने जोडलेला छोटा डॅक (डिजिटल फाइलचं हेडफोनला लागणाऱ्या विद्युत लहरीत रूपांतर करणारं उपकरण) आणि ३२ ओहमचा वायरवाला हेडफोन अशी जोडणी आहे. २४ बिट/१९२ किलोहर्ट्झच्या फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या) फाइल्स विकत घेतल्या आहेत. त्या वाजवताना डॅकच्या पडद्यावर ४८ किलोहर्ट्झ दिसतं. सीडीवरून काढलेली फाइल लावली तरी ४८ च, अँड्रॉइड फोनला जोडला तरी तेच. डॅक बिघडलाय की केबल?
दुसरं असं की, ४४.१ ला लहरीच्या पायऱ्या होतात आणि १९२ ला त्या गुळगुळीत होतात असं एका जाहिरातीच्या चित्रात होतं. म्हणजे आत्ता बरंच काही निसटतंय का? ब्लूटूथ हेडफोनवर या फाइल्सचा उपयोग होईल का?

तारसप्तक
डॅकही ठीक आहे आणि केबलही. केबल खराब असती तर आवाज तुटला असता किंवा कडकडला असता, आकडा बदलला नसता. तो ४८ विंडोजच्या मिक्सरकडून येतोय. ब्राउझर, सूचनांचे आवाज, गाणी हे सगळं एकत्र करण्यासाठी मिक्सर प्रत्येक आवाज एकाच ठरलेल्या दरावर (सेकंदाला किती नमुने, म्हणजे लहरीची मोजमापं) आणतो. साउंडच्या जुन्या खिडकीत डॅकच्या प्रॉपर्टीज उघडा, 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर तो दर सापडेल. पण तिथे १९२ करून प्रश्न सुटत नाही, मग सीडीची फाइलही ओढूनताणून १९२ होईल.

त्यापेक्षा मिक्सरला वगळा. फूबार२००० या प्लेअरमध्ये प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट इथे जा आणि डॅकच्या नावापुढे 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेला पर्याय निवडा. आता प्रत्येक फाइलबरोबर पडद्यावरचा आकडा बदलायला हवा: ४४.१, ९६, १९२. पहिल्यांदा वाजवताना हेडफोन कानावर ठेवू नका. या पद्धतीत विंडोजचा आवाज कमी करायचा पट्टा बऱ्याच डॅकवर चालत नाही आणि आवाज एकदम पूर्ण जोरात येऊ शकतो.

एवढं करूनही आकडा ९६ च्या वर जात नसेल तर डॅकवर 'यूएसी १' (यूएसबीवरून आवाज पाठवायची जुनी पद्धत) नावाचं बटण किंवा सेटिंग आहे का बघा. त्या जुन्या पद्धतीत २४/९६ च्या पुढे जाता येत नाही.

फोनची गत तीच, तिथेही मिक्सर बहुधा ४८ वरच असतो. स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं प्लेअर ॲप लागेल. अँड्रॉइड १४ पासून मिक्सर टाळायची सोय प्रणालीतच आहे, पण ॲपने आणि फोनने ती वापरली तरच.

ध्वनिलेखक
पायऱ्यांचं ते चित्र डोक्यातून काढून टाका, कारण त्यावरूनच पुढचे सगळे गैरसमज होतात. फाइलमध्ये पायऱ्या नसतात, ठरावीक क्षणांची मोजमापं असतात. नमुन्यांच्या दराच्या निम्म्याखालच्या वारंवारिता घेतल्या, तर त्या बिंदूंतून जाणारी लहर एकच असते आणि डॅकमधला फिल्टर तीच परत उभी करतो. १० किलोहर्ट्झचा सूर ४४.१ वर साठवला तर एका आवर्तनाला साडेचार नमुनेही येत नाहीत, तरी डॅकच्या आउटपुटला ऑसिलोस्कोप लावला की स्वच्छ साइन लहर दिसते. ४४.१ चं निम्मं २२.०५ किलोहर्ट्झ, आणि माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो. म्हणजे ४८ वर ऐकताना कानाला पोचण्याजोगं काही निसटत नव्हतं.

बिटांचंही तसंच. बिट वाढले की तपशील वाढत नाही, तळाची खरखर खाली जाते: १६ ला सुमारे ९६ डेसिबल, २४ ला कागदावर १४४. प्रत्यक्षात उत्तमातला उत्तम डॅकही १२०-१३० च्या आसपास थांबतो. २४ बिटांचा खरा फायदा रेकॉर्डिंगला होतो. पातळी निवांत उणे १८ डीबीएफएसला, म्हणजे कमाल मर्यादेच्या १८ डेसिबल खाली ठेवता येते, गायकाने अचानक आवाज चढवला तरी क्लिपिंग होत नाही, म्हणजे लहरीची टोकं कापली जात नाहीत.

ब्लूटूथवर तुमचा डॅक वाटेतच नसतो, हेडफोनमधला चालतो. २४/१९२ स्टिरिओचा कच्चा प्रवाह सेकंदाला ९२१६ किलोबिट, आणि एलडॅकची (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची एक पद्धत) कमाल ९९०. तेव्हा काटछाट आलीच. गाणी ऐकायला चांगलीच लागतील, पण त्यासाठी १९२ च्या फाइलला जास्त पैसे मोजू नका.

नवाश्रोता
एक्सक्लुझिव्ह केलं, आता १९२ दिसतंय. मधूनच 'डिव्हाइस वापरात आहे' असं येतं. आणि सीडीच्या फाइलपेक्षा १९२ ची जास्त मोकळी वाटते, ती का?

तारसप्तक
ब्राउझरचा एखादा टॅब डॅक धरून बसत असेल. तो बंद करा, नाहीतर विंडोजचे बाकीचे आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर वळवा.

ध्वनिलेखक
मोकळेपणा बहुधा मास्टरिंगचा, म्हणजे विक्रीआधी गाण्यावर शेवटचा हात फिरवतात त्याचा आहे. हाय-रेझ आवृत्ती पुष्कळदा वेगळ्या मास्टरवरून, कमी कॉम्प्रेशनने (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी न दाबता) काढलेली असते. तो फरक खराच, फक्त तो १९२ मुळे नाही. खात्री करायची तर सीडीची फाइल बाजूला ठेवा आणि १९२ च्या फाइलचीच १६/४४.१ प्रत बनवा, डिदर (बिट कमी करताना मिसळायची अगदी बारीक खरखर) चालू ठेवून. मग ती प्रत परत २४/१९२ वर चढवा. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि दर बदलताना डॅकमधून येणारा 'टक' आवाजच उत्तर फोडतो. दोन्ही फाइल्स फूबारच्या एबीएक्स कंपॅरेटरमध्ये (कुठली फाइल वाजतेय ते लपवून ओळखायला लावणारं साधन) टाका, १६ फेऱ्या करा. १२ बरोबर आल्या तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. ८-९ आल्या तर फरक ऐकू येत नाहीये, आणि त्यात कानांचा काही दोष नाही.

विकत घेतलेली फाइल स्पेक या वारंवारितांचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडून बघा. २२ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ आणि वर सगळं काळं दिसलं, तर ती ४४.१ वरूनच फुगवलेली असण्याची दाट शक्यता आहे. वर जाताना रंग हळूहळू विरत गेला तर संशय नको, बऱ्याच वाद्यांचं तिथे मुळातच फार काही नसतं. २५-३० किलोहर्ट्झच्या पुढे खरखरीचं धुकं उलट दाट होत गेलं तर मूळ रेकॉर्डिंग डीएसडीवरचं (एकाच बिटाने रेकॉर्ड करायची वेगळी पद्धत) असावं. रेघवाली निघाली तर चित्र जोडून विक्रेत्याकडे पैसे परत मागा.