जुन्या पासावर ‘कुलाबा’ स्टेशन?

ट्रंकवाला: पणजोबांची पत्र्याची ट्रंक आवरताना एक रेल्वेपास सापडला. जाड पुठ्ठा, वर बीबीसीआय रेल्वेचं (म्हणजे आताची पश्चिम रेल्वे) नाव, ‘कुलाबा ते ग्रँट रोड’. कसरीनं नेमकं साल खाल्लंय. मला वाटायचं, चर्चगेटच्या पुढे गाडी कधी गेलीच नाही. आजी म्हणते, पणजोबा १९३२ ला मुंबईत आले. मग हा पास त्याच सुमाराचा का?

बारानंबरडबा: कुलाबा म्हणजे कुलाबा जिल्हा असेल, आताचा रायगड. अलिबागकडे कुठेतरी?

फलाटदादा: नाही हो, अलिबागला कुठली रेल्वे! हे मुंबईतलंच कुलाबा. चर्चगेट तेव्हा मधलं स्टेशन. तिथून रूळ ओव्हल मैदानाच्या पश्चिमेनं, समुद्राच्या कडेकडेनं थेट कुलाब्याला जायचे. लोकलच नाही, लांबच्या गाड्याही तिथूनच सुटायच्या. १९२८ साली पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल सुरू झाली तीही कुलाब्याहूनच. त्याच वर्षी ५ जानेवारीला कुलाबा-बोरिवली विजेची लोकल धावायला लागली.

म्हणजे विजेवर चालून स्टेशनाला तीन वर्षंही मिळाली नाहीत. बॅकबेच्या समुद्रात घातलेला भराव पुढे सरकला, चर्चगेटच्या दक्षिणेची जमीन हवी होती. डिसेंबर १९३० मध्ये मुंबई सेंट्रल उघडलं आणि ३१ तारखेच्या रात्री कुलाबा बंद. त्यामुळे १९३२ चा हिशोब काही बसत नाही. पास १९३० चा किंवा आधीचाच.

(कापसाच्या गासड्यांचा मोठा बाजारही कुलाब्यातच होता. पुढे तो शिवडीकडे गेला, म्हणून तिथल्या स्टेशनाचं नाव कॉटन ग्रीन. आता तिथे कापूस शोधत बसू नका.)

पावसाळीछत्री: स्टेशन होतं तिथे आता बधवार पार्क, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. माझी मावशी तिथे राहायची. लहानपणी सुट्टीत जायचो, पण त्या अंगणात एकेकाळी मेल गाड्या लागायच्या हे कुणी सांगितलं नाही. आम्ही आपलं क्रिकेट खेळलो. पासावर नाव असेल ना? टॉर्च तिरका धरून बघा, फिकी शाई उठून दिसते.

ट्रंकवाला: बघितलं. आडनाव आमचंच, पण पहिलं अक्षर ‘व’ आहे आणि पणजोबांचं नाव ‘ग’ वरून. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग तो थोरल्या मामंजींचा असेल. ते कापसाच्या पेढीवर होते ना.”

इतकी वर्षं ही थोरल्या मामंजींबद्दल एक शब्द बोलली नव्हती. आता चहा ठेवलाय, बसतो तिच्याजवळ.